चाललं म्हणजे जमलं

ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय मी इंजिनिअरिंगच्या मुलांना कित्येक वर्षं शिकवला, आणि त्या काळात एकाही कर्नलची, म्हणजे ओएसच्या गाभ्याची, एकही ओळ वाचली नव्हती. स्टाफरूममध्ये हेच वाक्य स्वतःबद्दल म्हणू शकतील असे आणखीही काही जण निघतील, कारण विषयच तसा बसवलेला आहे. गँट चार्ट काढा, सरासरी वेटिंग टाइम काढा, पेज रिप्लेसमेंटचे तक्ते भरा, बँकर्स अल्गोरिदमचं मॅट्रिक्स सोडवा. जर्नल पूर्ण, सबमिशन पूर्ण, व्हायवात सेमाफोरची व्याख्या. हे सगळं मी मन लावून शिकवत असे. निकाल चांगले लागत. ‘मॅडमचं ओएस म्हणजे स्कोअरिंग सब्जेक्ट’ असं मुलं ज्युनिअर्सना सांगत आणि ते कानावर आलं की मला बरं वाटे.

शॉर्टेस्ट जॉब फर्स्टच्या गणितात प्रत्येक प्रोसेसचा बर्स्ट टाइम तक्त्यात दिलेला असतो. प्रत्यक्षात कुठली प्रोसेस पुढे किती वेळ सीपीयू खाणार हे कर्नलला आधी ठाऊक नसतं. फार तर मागच्या वागणुकीवरून अंदाज बांधता येतो. पुस्तकात हे लिहिलेलं होतं. पण त्या परिच्छेदावर प्रश्न येत नाही, म्हणून तो मी ‘वाचून घ्या’मध्ये टाकायचे. बँकर्स अल्गोरिदमचं तर विचारूच नका. रोज वापरातली कुठलीही ओएस प्रोसेसना रिसोर्स देताना ते मॅट्रिक्स मांडत बसत नाही, आणि मी मात्र त्यावर दोन-दोन लेक्चर खर्च करायचे.

एका प्रॅक्टिकलच्या बॅचला एका मुलीने विचारलं, “मॅडम, सीपीयू एकच आहे आणि तो आत्ता माझ्या प्रोग्रामकडे आहे. मग शेड्यूलर चालतो कुठे?”

मी म्हणाले, “तो बॅकग्राउंडला सतत चालू असतो.”

तिने ते वहीत लिहून घेतलं.

उत्तर साफ चुकीचं होतं. त्या वेळी मला त्याची जराही शंका आली नाही, कारण माझ्या डोक्यात ओएसचं चित्रच तसं होतं: सगळ्या प्रोग्रामांच्या वर बसलेला, डोळ्यांत तेल घालून पाहणारा कुणीतरी. एका सीपीयूवर तुमचा प्रोग्राम चालू असतो तेव्हा कर्नल चालू नसतो. त्याचा कोड मेमरीत नुसता पडून असतो. तुमचा प्रोग्राम स्वतःहून सिस्टिम कॉल करेल, त्याच्याकडून काही फॉल्ट होईल किंवा बाहेरून इंटरप्ट येईल, तेव्हाच सीपीयू कर्नलच्या कोडमध्ये शिरतो. यातलं काहीच झालं नाही, तर ओएसला तुमच्या प्रोग्रामचं बोटही धरता येत नाही.

हे मला कळलं ते लॉकडाऊनमध्ये, स्वतःची ओएस लिहायला घेतल्यावर. लिहायला घेतली म्हणजे आधी नाव ठेवलं. मग ८० बाय २५ अक्षरांच्या काळ्या पडद्यावर हॅश आणि तिरप्या रेघा जुळवून एक डोंगररांग काढली. तेव्हा माझ्याकडे पडद्यावर अक्षर उमटवणारी ओळसुद्धा नव्हती. डोंगर वहीत होता. त्यानंतर बूटलोडर. बायोसवाला पीसी चालू झाला की बायोस डिस्कवरचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर उचलून मेमरीत हेक्स ७सी०० या पत्त्यावर ठेवतो, शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए आहेत का ते बघतो आणि तिथे उडी मारतो. त्या क्षणी आजचा प्रोसेसरसुद्धा १९७८ सालच्या ८०८६ चं सोंग घेऊन उभा असतो: १६ बिट आणि जेमतेम एक मेगाबाइटची दृष्टी. तिथून त्याला पुढच्या काळात आणायचं, एट्वेंटी नावाची पत्त्याची रेघ उघडायची, डिस्क्रिप्टर टेबल भरायचं. यात मी सुट्टीचा मोठा भाग घालवला. इंटरनेटवरून उचललेला कोड, त्यात दोन ओळी इकडच्या तिकडे, आणि पडद्यावर डोंगर दिसला त्या दिवशी घरात सगळ्यांना बोलावून दाखवला.

मागे वळून पाहिलं तर तो सगळा काळ मी ऑपरेटिंग सिस्टिम शिकतच नव्हते. इंटेल आणि आयबीएम यांनी जुनं काही मोडायचं नाही म्हणून जे थर चढवत नेले, त्यांचं उत्खनन करत होते. गंमत आहे त्यात, नाही असं नाही. पण ते काम ग्रब नावाचा तयार बूटलोडर करून देतो आणि कुणी शिकायला बसलं असेल तर त्याने ते खुशाल त्याच्यावर सोपवावं. मी सोपवलं नाही, कारण ‘सगळं स्वतः केलं’ असं मला सांगायचं होतं. या हट्टाची किंमत पुढे मोजावी लागली.

मग दोन टास्क लिहिले. एक ए छापणार, दुसरा बी. प्रत्येक टास्क एक अक्षर छापून स्वतःहून सीपीयू सोडायचा. पडद्यावर एबीएबी अशी रांग लागली आणि मी ‘मल्टिटास्किंग झालं’ असं फाइलमध्ये लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या टास्कमध्ये सीपीयू सोडायची ओळ चुकून राहून गेली. पडदाभर नुसते ए. बी कुठेच नाही. मी शेड्यूलरच्या फंक्शनमध्ये एक प्रिंट टाकला, तोही छापला जाईना. शेड्यूलर आहे, बरोबर लिहिलेला आहे, आणि त्याला कुणी हाक मारत नाही. तेव्हा ती मुलगी आठवली. ती एव्हाना पास होऊन गेली होती, माझं वाक्य वहीत घेऊन.

म्हणजे टायमर हवा. ठरावीक वेळाने सीपीयूचा खांदा हलवणारं घड्याळ, जे मदरबोर्डवर असतंच. टायमर जोडला, इंटरप्ट चालू केले आणि क्षणात पडद्यावर माझ्याच हँडलरने लिहिलेली ओळ आली: डबल फॉल्ट. डबल फॉल्ट म्हणजे एक चूक हाताळताना सीपीयूला दुसरी चूक लागली. भलताच गंभीर प्रकार. मी स्टॅक तपासला, डिस्क्रिप्टर टेबल बिट बाय बिट वहीत उतरवून तपासलं. कंपायलर बदलला. क्यूएमू या एम्युलेटरमध्येच बग असणार असंही एका मैत्रिणीला फोनवर ठणकावून सांगितलं. हे आठवलं की अजून कान गरम होतात. जगभर हजारो लोक रोज वापरतात त्या सॉफ्टवेअरवर मी संशय घेतला आणि माझ्या कोडवर घेतला नाही.

खरा धागा पडद्यावरच होता. डबल फॉल्ट झाला की सीपीयू स्टॅकवर एक एरर कोड टाकतो आणि तो नेहमी शून्यच असतो. माझ्या पडद्यावर एरर कोड म्हणून भलामोठा आकडा होता. तो आकडा मी किती वेळा पाहिला असेल, पण ‘काहीतरी कचरा’ म्हणून सोडून देत होते. शेवटी एकदा तो कर्नलच्या मॅपमध्ये शोधला, तर तो माझ्याच कोडमधला पत्ता निघाला: इंटरप्ट चालू करणाऱ्या ओळीच्या अगदी पुढचा. म्हणजे एरर कोड आलाच नव्हता. त्याच्या जागी परत जायचा पत्ता होता आणि मी तो एरर कोड समजून वाचत होते. म्हणजे हा फॉल्टच नव्हता.

इंटेलने इंटरप्टचे पहिले ३२ क्रमांक सीपीयूसाठी राखून ठेवले होते. आयबीएमने १९८१ च्या पीसीत हार्डवेअरच्या इंटरप्टना त्यातलेच ८ ते १५ देऊन टाकले. पुढच्या प्रोसेसरांमध्ये ८ हा क्रमांक डबल फॉल्टचा झाला, आणि टायमरचाही तोच राहिला. म्हणून पीसीवरचा कर्नल सहसा सुरुवातीलाच इंटरप्ट कंट्रोलरला सांगतो की तुझे क्रमांक ३२ च्या पुढे ने. मी ते सांगितलं नव्हतं. घड्याळ सेकंदाला साधारण १८ वेळा टिकटिक करतं; त्यातली पहिलीच टिक मला संकटाची घंटा वाटली होती.

कॉलेज उघडल्यावर मी डेमो ठेवला. भंगारात काढायचे म्हणून लॅबच्या कोपऱ्यात रचलेले जुने पीसी होते, त्यातला एक लॅबच्या शिपाईमामांनी झटकून टेबलावर आणून ठेवला. तिसऱ्या वर्षाची मुलं, एचओडी सर, आणि ‘बघू तरी काय’ म्हणून डोकावलेले मेकॅनिकलचे दोन जण. पेनड्राइव्ह लावला. डोंगर उमटला, टाळ्या पडल्या. त्यानंतर यायला हवी होती एबीएबीची रांग. आली ती भलतीच चिन्हं, एक हसरा चेहरा, काही ग्रीक अक्षरं, आणि पीसी परत पहिल्यापासून चालू. पुन्हा डोंगर, पुन्हा कचरा, पुन्हा रीस्टार्ट. घरी क्यूएमूत हाच प्रोग्राम रात्रभर चालू ठेवला होता, एकदाही पडला नव्हता. मी मुलांना सांगितलं की या पीसीची रॅम खराब दिसते. मामांनी दुसरा पीसी आणला. त्याचीही रॅम खराब निघाली. तिसरा आणू का, असं त्यांनी अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं.

सी भाषेत ग्लोबल व्हेरिएबलला किंमत दिली नाही तर ती शून्य धरली जाते, हे मी पहिल्या वर्षालाही शिकवलं आहे. ती शून्य कोण करतं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. फाइलमध्ये ती शून्यं साठवलेली नसतात, फक्त ‘एवढी जागा रिकामी लागेल’ अशी नोंद असते. प्रोग्राम मेमरीत चढवताना ओएस ती जागा पुसून देते. आणि ओएस स्वतःच चढत असेल तेव्हा? तेव्हा बूटलोडरने पुसायची, नाहीतर कर्नलने पहिल्याच काही ओळींत. ग्रबने पुसून दिली असती; माझ्या स्वाभिमानी बूटलोडरला ते माहीत नव्हतं. क्यूएमूत मेमरी मुळात कोरी मिळते, म्हणून माझं भागून गेलं. खऱ्या रॅममध्ये चालू होताना काय असेल याचा नेम नाही. माझ्या प्रोसेस टेबलच्या ज्या जागा रिकाम्या असायला हव्या होत्या, तिथे कचऱ्यातून प्रोसेस तयार झाल्या होत्या आणि शेड्यूलर इमानदारीत त्यांनाही सीपीयू देत होता.

पुढच्या लेक्चरला मी रॅमबद्दलचं विधान मागे घेतलं. अर्थात थोडं गुळमुळीतपणे.

या सगळ्या काळात एक गोष्ट मी जाणूनबुजून टाळत होते: दुसऱ्याचा कर्नल वाचणं. एमआयटीत २००६ मध्ये शिकवण्यासाठी लिहिलेला एक्सव्ही-६ नावाचा छोटा कर्नल आहे, दहा हजार ओळींच्या आतला. युनिक्सची १९७५ ची सहावी आवृत्ती आजच्या सीमध्ये नव्याने लिहावी तसा. तो आधी वाचला तर आपलं ‘ओरिजिनल’ राहणार नाही, असं मला वाटायचं. मुलांनी असाइनमेंट कॉपी केली की मी जे बोलते, तेच मी स्वतःला बोलत होते. फक्त इथे ते पूर्णपणे गैरलागू होतं. कवीने दुसऱ्याची कविता वाचायची नाही असं कुणी म्हणत नाही.

मूळ सहाव्या आवृत्तीचीही एक कहाणी आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी सत्तरच्या दशकात तिचा कर्नल ओळीओळीने वर्गात शिकवला आणि त्यावर भाष्य लिहिलं. १९७९ ला सातवी आवृत्ती आली, तिच्या परवान्यात सोर्स वर्गात वापरायला मनाई होती. लायन्स यांचं भाष्य झेरॉक्सच्या झेरॉक्स होऊन फिरत राहिलं. उघडपणे छापलं गेलं ते १९९६ मध्ये. मधल्या काळात पुष्कळ ठिकाणी ओएसच्या वर्गात कोड दाखवायचंच बंद झालं आणि चौकोन, बाण, व्याख्या एवढंच उरलं. अँड्र्यू टॅनेनबाम यांनी ॲमस्टरडॅममध्ये मिनिक्स लिहून १९८७ मध्ये पुस्तकासोबत दिली ती याच कोंडीवर उपाय म्हणून, आणि हेलसिंकीतला लिनस टॉरवाल्ड्स १९९१ मध्ये लिनक्स लिहायला बसला तेव्हा त्याच्या पीसीवर मिनिक्सच होती. मी मात्र चौकोन आणि बाण यांच्या वाटेने आले होते, आणि मुलांनाही त्याच वाटेने नेत होते.

एक्सव्ही-६ शेवटी उघडला तो एका हँगमुळे. माझी ओएस पडद्यावर भराभर काही छापत असताना कुणी कीबोर्डवर जोरात टायपिंग केलं की कधीकधी थिजायची. दर वेळी नाही. मी छापण्याच्या फंक्शनमध्ये एक निरर्थक फिरणारा लूप टाकला, थिजणं कमी झालं आणि मी ‘फिक्स्ड’ असं लिहिलं. अशी ‘फिक्स्ड’ मी मुलांच्या प्रोजेक्टमध्ये खपवून घेतली नसती. पुन्हा थिजली तेव्हा एक्सव्ही-६ मध्ये लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, कसं घेतलंय ते पाहावं म्हटलं. लॉक घेणाऱ्या फंक्शनची पहिलीच ओळ: या सीपीयूवरचे इंटरप्ट बंद करा.

मग लख्ख दिसलं. माझ्या छापणाऱ्या कोडने कन्सोलचं लॉक घेतलेलं आहे. तेवढ्यात कळ दाबली जाते, इंटरप्ट येतो, त्याच सीपीयूवर कीबोर्डचा हँडलर सुरू होतो, आणि दाबलेलं अक्षर छापण्यासाठी त्यालाही तेच लॉक हवं असतं. तो लॉक सुटायची वाट बघत फिरत राहतो. लॉक सोडणारा मात्र त्याच्याच खाली अडकून पडलाय. हँडलर संपल्याशिवाय त्याला सीपीयू मिळणार नाही. लूप टाकल्याने मी फक्त ही गाठ पडायची शक्यता कमी केली होती.

आणि त्याच क्षणी आठवला एक पेपर. युनिट टेस्ट, क्रिटिकल सेक्शन, दहा मार्क. एका मुलाने लिहिलं होतं की मल्टिप्रोसेसरवर कर्नलच्या आत लॉकही घ्यावं लागतं आणि इंटरप्टही बंद करावे लागतात. पुस्तकात काय असतं? इंटरप्ट बंद करणं हा एका सीपीयूपुरता उपाय आहे, मल्टिप्रोसेसरवर तो पुरत नाही, तिथे लॉक वापरतात. मी त्याच्या अर्ध्या उत्तरावर लाल रेघ मारली होती. पेपर दाखवायच्या दिवशी तो टेबलाशी आला आणि म्हणाला, “मॅडम, दोन्ही लागतात.” मी म्हणाले, “पुस्तकात दाखव.” पुस्तक तिथेच होतं, त्याने चाळलं. त्यात नव्हतं. “सॉरी मॅडम” म्हणून तो गेला.

त्याला सॉरी म्हणायला लावलं, हे मला त्या कापलेल्या मार्कांपेक्षा जास्त लागलं.

त्याचा नंबर बॅचच्या ग्रुपवरून मिळाला. मी लांबलचक मेसेज लिहिला: तू बरोबर होतास, मी चूक होते, माझ्याच कर्नलमध्ये हे कसं सापडलं, वगैरे. लॉक घे आणि इंटरप्ट बंद कर, दोन्ही केल्यावर थिजणं पूर्ण थांबलं, असंही अभिमानाने लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. आधी नमस्काराचे हात, मग ‘थँक यू मॅडम, मला तो पेपर चांगला आठवतोय’, आणि खाली एक प्रश्न: “मॅडम, आधी लॉक आणि मग इंटरप्ट बंद, असा क्रम आहे का तुमचा? मग मधे इंटरप्ट आला तर?”

कोड उघडला. क्रम तसाच होता. एक्सव्ही-६ मधली ती ओळ मी वाचली होती, पटली होती, आणि स्वतःच्या फाइलमध्ये आठवणीवरून लिहिताना खाली टाकली होती. लॉक मिळणं आणि इंटरप्ट बंद होणं यांच्यामध्ये मोजक्या सूचनांची फट होती. कळ नेमकी तेवढ्यात दाबली गेली तर पुन्हा तेच. इतक्या दिवसांत ती एकदाही दाबली गेली नव्हती, आणि मी पुन्हा ‘फिक्स्ड’ लिहून मोकळी झाले होते.

दोन ओळींची अदलाबदल केली. मग लॉक सोडण्याचं फंक्शन पाहिलं. तिथे आधी लॉक सोडायचं आणि नंतर इंटरप्ट चालू करायचे, असा क्रम हवा. माझ्याकडे तोही उलटा होता. तो दुरुस्त केला आणि त्याने विचारायच्या आत त्याला कळवलं.